पाय टेकले नाहीत तर परत

बारावीच्या मुलांना मी वाणिज्य शिकवते. त्यात ग्राहक संरक्षणाचं एक प्रकरण आहे. ग्राहकाचे हक्क, ग्राहकाच्या जबाबदाऱ्या, वस्तू घेण्याआधी अटी वाचाव्यात, पावती जपून ठेवावी, हे सगळं मी इतकी वर्षं शिकवत आले आहे की पुस्तक न उघडता फळाभर लिहू शकते. आणि तरीही स्वतःच्या घरातल्या एकाही पावतीची मागची बाजू मी कधी वाचली नव्हती. फ्रीज घेतला, कपाट घेतलं, सोफा घेतला. पावती घडी करून पर्समध्ये टाकली की माझ्या दृष्टीनं व्यवहार संपला. ती मागची बाजू मला वाचायला लावली माझ्या आईनं. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, आणि जन्म गेला कागलजवळच्या आमच्या गावात म्हशी सांभाळण्यात.

झालं असं की माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गोठ्यात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं आणि पुढे काही महिने तपासण्या आणि व्यायाम होते, म्हणून आईआबा तिथंच माझ्याकडे राहायला आले. म्हशी चुलत्यांच्या दावणीला गेल्या. माझी मुलगी शिकायला बाहेरगावी असते, तिची खोली त्यांना दिली. अडचण होती पलंगाची. त्या खोलीत बुटका दिवाण होता आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की बुटक्यावर बसायचं नाही, फार उंचावरही नाही. पलंगावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. अधांतरी राहिली तर उठताना तोल जाईल, आणि पुन्हा पडले तर अवघड होईल.

दुसऱ्याच दिवशी मी आईला घेऊन फर्निचर बघायला निघाले. निघण्याआधी तिनं आबांना खुर्चीवर बसवलं, टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत सुतळी धरली आणि तिथं गाठ मारली. मी म्हणाले, अगं, दुकानात टेप असतो. तर म्हणाली, "त्यांच्या टेपला तुझ्या आबाचा पाय ठावं हाय व्हय?"

हायवेच्या बाजूला नवीन झालेलं मोठं शोरूम होतं ते. काचेची दारं, आत गारवा, मंद गाणी. आईनं दारातच चपला काढल्या. सेल्समन म्हणाला, राहू द्या मावशी, घालून या. तिनं ऐकलं नाही. अनवाणीच ती एकेका पलंगाजवळ जायची, कडेवर गुडघा टेकून जोर द्यायची, कान देऊन आवाज ऐकायची, मग गादी दाबून सुतळी लावायची. कुठं गाठ वर राहायची, कुठं खाली. सेल्समन माझ्याकडे बघून हसत होता आणि मीही त्याच्याकडे बघून हसत होते, हे आज लिहितानाही मला बरं वाटत नाही. पाचव्या की सहाव्या पलंगाला गाठ बरोबर गादीच्या काठावर बसली. खाली सामान ठेवायला कप्पे असलेला, गडद तपकिरी रंगाचा पलंग. आई त्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. म्हणाली, "ह्यो."

मी लगेच कार्ड काढलं. काउंटरवर बिल तयार झालं. मी कार्ड पुढे करणार, तेवढ्यात आईनं माझा हात धरला आणि सेल्समनला विचारलं, घरी नेल्यावर जमलं नाही तर परत घेता का? त्यानं हसून सांगितलं की काळजीच करू नका, आमची रिटर्न पॉलिसी आहे. आई म्हणाली, कुठं आहे? तो म्हणाला, बिलाच्या मागं छापलेली आहे सगळी. आईनं बिल उलटं केलं. बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर होता. तिनं कागद माझ्यापुढे सरकवला.

"वाच."

मी म्हणाले, आई, ते सगळीकडे सारखंच असतं.

"मग सारखंच वाच की."

माझ्या मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. कान गरम झाले. पण तिच्यापुढे चालेना, म्हणून वाचायला लागले. इंग्रजी ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. पहिली अट, विकलेला माल तीन दिवसांच्या आतच बदलून मिळेल. दुसरी, पॅकिंग उघडलं असल्यास माल स्वीकारला जाणार नाही. तिसरी, नेण्या-आणण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. चौथी, शोरूममधला नमुना आणि प्रत्यक्ष माल यांत किरकोळ फरक असू शकतो, त्याबद्दल तक्रार चालणार नाही.

एकेक अट मराठीत सांगताना माझ्याच तोंडून मला ती नव्यानं ऐकू येत होती. ही वाक्यं मी डोळे झाकून सही करून किती वेळा घरी नेली होती. वर्गात मी मुलांना जे करू नका म्हणत होते, तेच.

आईनं चारही अटी ऐकल्या. मग सेल्समनला विचारलं, "गाठोडं न सोडता आतलं कसं दिसायचं वो, पावणं?"

तो म्हणाला, कंपनीचे नियम आहेत, मी काय करणार. आई म्हणाली, मग जे करू शकतात त्यांना बोलवा.

इथं एक सांगायला पाहिजे. आईनं आयुष्यात बऱ्याच म्हशी घेतल्या आणि विकल्या. घेताना ती संध्याकाळची आणि सकाळची अशा दोन धारा स्वतः काढून बघितल्याशिवाय दाव्याला हात लावायची नाही. म्हैस लाथ मारते का, पान्हा चोरून दूध आखडते का, हे बघायचं. आणि चार माणसांसमोर बोलून घ्यायचं की अमुक दिवसांत खोड निघाली तर जनावर परत. मी लहान असताना तिनं एकदा एक म्हैस तीन कोस चालवत परत नेऊन बांधलेली मला आठवते. विकणारा गावातला वजनदार माणूस होता. त्यानं आवाज चढवला, तरी ही गोठ्याच्या दारातून हलली नाही, कारण बोली चार माणसांसमोर झालेली होती. तिच्या लेखी पलंग आणि म्हैस यांत फरक नव्हता. जिनसेची खोड घरी गेल्यावरच कळते, म्हणून बोली आधी.

मालक आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. आतल्या खोलीतून फोनवर कानडीत बोलतच आले. सीमेवरच्या गडहिंग्लजकडचे असावेत. आईला त्यांनी "काय झालं अक्का?" म्हणून विचारलं. आईनं आबांचं पडणं, ऑपरेशन, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं सांगितलं आणि सुतळी दाखवली. म्हणाली, पलंग तुमच्या माणसानं आमच्या घरी येऊन उघडायचा, जोडायचा, आणि आबा त्यावर बसून बघेपर्यंत थांबायचं. पाय भुईला टेकले तर पलंग आमचा, नाही टेकले तर तुमचा.

ते हसले. पण ते हसणं टिंगलीचं नव्हतं. म्हणाले, "अक्का, असली अट आजवर कुणी घातली नव्हती." आणि पेन काढून बिलावरच मराठीत लिहायला लागले.

लिहून झाल्यावर आईनं कागद घेतला. अक्षरांखालून बोट फिरवत, ओठ हलवत तिनं ते संथपणे वाचलं. मागची गिऱ्हाइकं आता पुढे सरकून बघत होती. एका शब्दावर तिचं बोट थांबलं.

"हितं बदलून लिवलंय."

मालक म्हणाले, हो, बदलून देऊ की, त्यात काय.

"बदलून म्हंजे तुमचंच दुसरं. परत म्हंजे माझं मला. परत लिवा."

मालकांनी तो शब्द खोडला. बिलावर शेवटी जे राहिलं ते असं होतं: पलंगावर बसल्यावर पेशंटचे दोन्ही पाय जमिनीला टेकले नाहीत तर सात दिवसांत पलंग परत, पैसे परत, नेण्या-आणण्याचा खर्च दुकानाचा. खाली त्यांची सही आणि दुकानाचा शिक्का. मग आईनं मला कार्ड द्यायला सांगितलं.

घरी येताना रिक्षात मी तिच्यावर चिडले. एवढी चांगली माणसं आहेत, इतकं ताणायची काय गरज होती, लोक बघत होते, असं बरंच काही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पैसं आपल्या हातात हाईत तवर त्यास्नी आपलं ऐकायला लागतंय. दिल्यावर आपून ऐकायचं." आणि रस्त्याकडे बघत बसली.

रविवारी सकाळी पलंग आला. दोन माणसांनी तो वर आणला, पॅकिंग काढलं, तासाभरात जोडला. आईनं त्यांना चहा दिला आणि जायचं नाही म्हणून सांगितलं. मग गादी टाकून सुतळी लावली. गाठ खाली राहिली. गादीचा काठ गाठीच्या चार बोटं वर.

मला वाटलं तिनं सुतळी नीट धरली नसेल. मी टेप आणला आणि मापलं, तर तेच. जोडणाऱ्यांतला थोरला म्हणाला, ह्या लॉटमध्ये खालचे कप्पे मोठे केलेत, म्हणून जरा उंच झालाय, शोरूममधला जुन्या लॉटचा आहे. चार बोटांनी काय होतंय, मावशी?

आईनं आबांना वॉकर धरून आणलं आणि पलंगावर बसवलं. आबांचे पाय लोंबकळले. चवडे कसेबसे फरशीला लागत होते, टाचा वर. आबा भिडस्त माणूस. दोन परकी माणसं आपल्या पायांकडे बघताहेत म्हणून ते आधीच अवघडले होते. म्हणाले, "चालतंय की. हुईल सवय."

"सवय व्हायच्या आदी पडलासा म्हंजे?" आई म्हणाली.

मी शोरूमला फोन लावला. तोच सेल्समन होता. तो म्हणाला, मॅडम, पॅकिंग उघडलंय ना, मग आता काही करता येणार नाही. त्या क्षणापर्यंत मी खरं तर आबांसारखीच होते. जाऊ दे, पायाखाली एक पाट ठेवू, असंच माझ्या मनात चाललं होतं. पण त्याचा तो सहज सुटलेला नकार ऐकला आणि मला आईनं काउंटरवर काय केलं होतं ते पहिल्यांदा नीट कळलं. तिनं ते केलं नसतं तर हा फोन इथंच संपला असता.

आम्ही दोघी पुन्हा शोरूमला गेलो. या वेळी बोलले मी. सेल्समननं नमुन्यात आणि मालात किरकोळ फरक असू शकतो ही चौथी अट दाखवली. मी बिल पालटून मालकांचं अक्षर दाखवलं. तो म्हणाला, ते सरांनी सहज लिहिलं असेल.

मी म्हणाले, "सहज लिहिलेल्यावर कुणी शिक्का मारत नाही."

माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, वर्गातला होता. आई बाजूला स्टुलावर बसून होती. मालक आतून आले. त्यांनी बिल हातात घेतलं आणि चष्मा वर करून वाचलं. वाटलं तर ते अजूनही बदलून घ्या म्हणू शकले असते, घोळ घालू शकले असते. पण ते सेल्समनला म्हणाले, "माझं अक्षर हाय. टेम्पो पाठव." पैसे कार्डावर परत करायलाही त्यांनी तिथंच सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाले, चूक आमचीच आहे, नवीन लॉट उंच आलाय हे आम्हालाच माहीत नव्हतं.

आई उठली. मला वाटलं आता घरी. पण ती आत गेली, त्याच पहिल्या दिवशीच्या पलंगाजवळ, आणि पुन्हा सुतळी लावली. गाठ बरोबर काठावर.

"ह्योच द्या की."

मालक अडखळले. हा शोपीस आहे, म्हणाले. वर्षभर लोक बसून बघतात, डोक्याकडच्या बाजूला ओरखडा आहे, शिवाय शोपीस विकला तर परत घ्यायची पद्धत नाही.

आई म्हणाली, "ह्याला परतीचं कशाला पायजे? ह्यो मी बघितलाय."

मालक खळखळून हसले. त्यांनी आपण होऊन किंमत थोडी कमी केली आणि सांधे ढिले झाले तर वर्षभर फुकट दुरुस्त करून देऊ असं बिलावर लिहिलं. आईनं तेही वाचलं. त्या दिवशी मी तिच्या शेजारी उभी होते आणि पुन्हा माझ्यामागं गिऱ्हाइकं होती. पण या वेळी ती माझी आई आहे हे त्यांना कळावं असं मला वाटत होतं. मुद्दाम मी तिला दोनदा मोठ्यानं आई म्हणून हाक मारली.

संध्याकाळपर्यंत पलंग घरी आला. आबा बसले. दोन्ही पावलं फरशीवर सपाट. त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि कुणाचा हात न धरता उठून उभे राहिले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. परत बसले, परत उठले. असं तीन-चारदा केल्यावर आईला म्हणाले, बरा हाय. त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

आमच्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट दोन दिवसांत पसरली. पसरवली मीच. जो भेटेल त्याला सांगत होते. मग लोक आईकडे यायला लागले. वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं कपाट घेणार होतं, ते तिला घेऊन गेले. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना आरामखुर्ची घ्यायची होती, त्यांनी पत्रक आणून तिच्यापुढे धरलं. ती सगळ्यांना एकच सांगायची, चांगलं निघालं तर काय कराल हे विचारू नका, वाईट निघालं तर काय करणार ते आधी विचारा. पॅकिंग कुणी उघडायचं, न्यायचं-आणायचं कुणी, आणि बदलून की परत.

त्या वर्षी ते प्रकरण शिकवायची वेळ आली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. मुलांना म्हणाले, घरात असेल ती एक पावती घेऊन या आणि तिची मागची बाजू मोठ्यानं वाचा, मराठीत सांगा. पन्नास पावत्या आल्या. गाद्यांच्या, मोबाइलच्या, मिक्सरच्या. जवळजवळ प्रत्येकीवर काही ना काही होतं जे घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आजऱ्याहून इथं शिकायला आलेल्या एका मुलीनं तिच्या वडिलांनी घेतलेल्या टेबलाची पावती वाचली आणि तासानंतर माझ्याकडे येऊन म्हणाली की टेबलाचा पाय हलतोय आणि बदलायची मुदत अजून आठ दिवस आहे. टेबल बदलून मिळालं. मी हे आईला सांगितलं, तर तिनं विचारलं, "बदलून? परत न्हवं?"

शेवटची गोष्ट सांगते, कारण ती सांगितली नाही तर आईबद्दल अर्धंच सांगितल्यासारखं होईल. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई एका दुपारी आल्या. त्यांच्या मुलीचा साखरपुडा घरीच झाला होता आणि त्यासाठी त्यांनी आदल्या आठवड्यात मोठा सोफा घेतला होता, त्याच शोरूममधून. मालकांनी आता सगळ्यांनाच उघडून बघायला सात दिवस द्यायला सुरुवात केली होती. बाईंचं म्हणणं असं की आता सोफ्याची गरज नाही, घरात जागाही नाही, सात दिवस अजून भरले नाहीत. मालक तुमच्या आईंना मानतात, त्या बरोबर आल्या तर काम पटकन होईल. शेजारचं नातं होतं, नाही कसं म्हणायचं हे मला सुचेना.

आईनं विचारलं, सोफ्यात खोट काय आहे? बाई म्हणाल्या, खोट काही नाही हो, पण नियमात बसतंय ना.

आई म्हणाली, "सात दिस बघायला दिल्यात, बाई. पावणं बसवायला न्हाईत."

बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, आम्ही काय फुकट मागतोय का? आईनं आवाज न चढवता सांगितलं की बोली मोडणाऱ्याला मी माल परत घ्यायला लावते, आणि बोली मोडायला मी स्वतः जाणार नाही. तुम्ही गेलात तर तुमची मर्जी. चहा घेऊन जा म्हणून तिनं त्यांना बसायचा आग्रह केला. त्या बसल्या नाहीत.

आबा आता काठी घेऊन चालतात. दोघं केव्हाच गावाला परत गेले, तो पलंगही टेम्पोत घालून नेला. समोरच्या बाई अजूनही लिफ्टमध्ये माझ्याशी जेमतेम बोलतात. मला त्याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही.